मावळ्याची तलवार आणि एम-सील

आपल्या उत्सवाच्या स्मरणिकेत जबलपूरच्या मराठी मंडळींचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. १७९८ साली हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला, १८१७ साली इंग्रजांनी घेतला, १९०४ साली गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली आणि त्यानंतर आपल्यासारखी नोकरदार कुटुंबे येत राहिली. मला मात्र त्यातल्या एका अगदी बोटभर उंचीच्या इतिहासाबद्दल लिहायचे आहे.

१९९३ची दिवाळी. मुंबईहून आत्या आली ती किल्ल्यासाठी डझनभर मातीचे मावळे घेऊन. इथे दिवाळीला लक्ष्मी मिळे, ग्वालिन मिळे, मावळे मात्र बाजारात नसत. रुमालात नीट गुंडाळले होते, तरी गाडीच्या धक्क्यांनी सात जणांचे हात नाहीतर तलवारी गेल्या. मुलगा रडकुंडीला आला. मी कारखान्यात फिटर; घरात गळक्या नळासाठी आणलेली एम-सीलची पुडी होती. तारेचा तुकडा खांद्यात रोवला, त्यावर पुटी लावली आणि पहिला हात तयार झाला. हात जरा जाडच झाला. "बाबा, हा पहिलवान आहे का?" असे चिरंजीवांनी विचारलेच.

मातीच्या बाहुल्यांची कला आपल्याकडे काही नवी नाही. एकोणिसाव्या शतकात पुण्याचे कारागीर निरनिराळ्या व्यवसायांतल्या माणसांच्या छोट्या रंगीत मूर्ती करीत. त्या विलायतेपर्यंत पोहोचल्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात पाहायला मिळतात. मुंबईत १८७२ साली खुल्या झालेल्या, आज भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहालयातही मातीच्या माणसांचा मोठा संग्रह आहे. मुंबईला गेलात तर राणीच्या बागेबरोबर तेही जरूर पाहा.

तिकडे इंग्लंडात १८९३ साली ब्रिटन कंपनीने आतून पोकळ शिशाचे सैनिक काढले आणि ते घरोघर गेले. कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली अशा सैनिकांच्या लढाईचे नियम सांगणारे 'लिटल वॉर्स' हे पुस्तकच लिहिले. बाथ गावचे कलाशिक्षक विल्यम हार्बट यांनी १८९७ साली प्लॅस्टिसिन तयार केले. ते वाळत नाही, म्हणून शाळेत उत्तम. पण त्याची तलवार केली तर संध्याकाळपर्यंत वाकते. ती अडचण एपॉक्सीने सोडवली. १९४६ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने अराल्डाइट बाजारात आणले. आपली पुटी त्याच कुळातली. परदेशातले हौशी लोक निळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, मळल्यावर हिरवी होणारी पुटी वापरतात. आपल्याला नळवाल्याची पुरते!

मावळे कमी पडू लागले तेव्हा आम्ही प्लॅस्टिकचे बंदूकधारी सैनिक आणले. बंदूक कापायची, हेल्मेट पॉलिश पेपरने घासायचे. मऊ प्लॅस्टिकला पुटी नुसती चिकटत नाही, काही दिवसांनी टोपीसारखी निघून येते; म्हणून गरम सुईने भोक पाडून तार घालावी लागते. पुटीचे दोन्ही भाग सारखे घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळायचे, आणि बोट पाण्यात बुडवत राहायचे. हातमोजे घालावेत, काहींच्या कातडीला ती सोसत नाही. एका दिवशी धड, दुसऱ्या दिवशी मुंडासे. घाई केली की कालचे नाक आज अंगठ्याखाली चपटे! दांडपट्ट्याचे पाते तेलाच्या डब्याच्या पत्र्याचे, मूठ पुटीची. भेडाघाटचा कारागीर नको तेवढा दगड काढून टाकतो, आमचे काम उलटे, भर घालण्याचे.

चार वर्षांत पन्नासेक मावळे झाले. मोठ्या अभिमानाने किल्ला मांडला, तर शेजारच्या काकू चष्मा सावरत म्हणाल्या, "अहो भाऊ, यांना पुणेरी पगड्या कुठून आल्या? महाराजांच्या वेळी का टिळक होते?" मी लहानपणी पाहिलेल्या तसबिरींवरून हात चालवला होता. त्या रात्री मुलाने आणि मी अकरा पगड्या छिन्नीने फोडल्या. पगडी नंतरच्या काळातली, डोंगरातल्या शिपायाला मुंडासेच हवे, हे त्याला तेव्हा कळले. खरे तर मलाही. इथे शाळेत सगळे हिंदीतून शिकणाऱ्या मुलाला मी घरी शिवाजी शिकवतो आहे अशी माझी समजूत होती.

मुलगा आता बंगळूरला असतो. मावळे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. गेल्या वर्षी नात आली, तिने एक उचलला आणि विचारले, "आजोबा, हा कोण?" मी सांगायला सुरुवात केली, तर मराठीतले निम्मे शब्द तिला हिंदीत करून द्यावे लागले. मग गोष्ट थांबवली आणि पुडी फोडली. तिने एक घोडा केला. त्याला पाच पाय आहेत, पण तो उभा राहतो.

यंदा मंडपात प्रसादाच्या टेबलाशेजारी हा डबा ठेवणार आहे. कुणाकडे जुने, मोडके मावळे असतील तर आणावेत. तार आणि पुटी माझ्याकडे आहे.