जुनेर

दिवाळीच्या आधी आठ दिवस घराचा माळा उपसायचा, हा कुणकेश्वरातल्या आमच्या घरचा नेम. यंदा माळ्यावरून फणसाच्या लाकडाचा पाळणा खाली आला आणि मुलीने विचारले, "हा टाकून द्यायचा का?" मला हसू आले. ज्या पाळण्यात मी निजलो तो मुळात आमचा नव्हताच. आमच्याकडे येईपर्यंत वाडीतली किती पोरे त्यात झोपून मोठी झाली होती, याचा हिशेब कोणापाशीच नव्हता. देणारी आईला म्हणाली होती म्हणे, "माळ्यार नुसतो पडान आसा, वाळवी लागतली. तूच घेवन जा गे." पाहा, ती बाई काही देत नव्हतीच, ती आपली अडचण सांगत होती!

नको झालेली वस्तू हवी असलेल्याकडे जाण्याची ही वाट फार जुनी आहे. उकिरड्यावर नाहीतर स्मशानात पडलेल्या चिंध्या वेचाव्यात, धुवाव्यात आणि शिवून त्यांचे चीवर करावे, असा बौद्ध भिक्षूंचा जुना प्रघात. त्याला पांसुकूल म्हणत. पांसु म्हणजे धूळ. पुढे भिक्षूंना वस्त्रे देणारे दातेही निघाले. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. त्यांतल्या २००० वर दरमहा शेकडा १ व्याज, आणि त्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. वर्षाचे व्याज २४० आणि वाटपही तेवढेच. मास्तर पडलो, पडताळा घेतल्यावाचून राहवले नाही. पण गंमत अशी की, चिंधी कोणी टाकली हे वेचणाऱ्याला ठाऊक नसे. ठेव कोणी ठेवली हे मात्र दगडावर राहिले.

आपल्या घरांत तर जुन्याला मानच होता. तान्ह्या बाळाच्या अंगाला पहिले कापड नवे लावीत नसत. धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचे जुनेरच लागे. ज्या घरी मुले जगत नसत, तिथे पुढच्या मुलाला चार घरी मागून आणलेली अंगडी-टोपडी घालीत आणि नाव ठेवीत भिकू, केरू नाहीतर धोंडू. दुसऱ्याचे नकोसे अंगावर घेणे म्हणजे नामुष्की नव्हे. काळाची नजर चुकवणारे ते कवच होते. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) तर स्वतः चिंध्यांची वस्त्रे अंगावर वागवली आणि धर्मशाळा बांधल्या त्या दुसऱ्यांसाठी.

मग या देण्याघेण्यात लाज शिरली कुठून? इराणातल्या मशहद शहरात २०१५ च्या अखेरीस कोणा अनामिकाने एका भिंतीवर खुंट्या ठोकल्या. गरज नसेल त्याने कपडा अडकवावा, गरज असेल त्याने न्यावा, एवढेच तिथे लिहिले. पुढे लवकरच आपल्याकडेही बऱ्याच शहरांत 'माणुसकीची भिंत' उभी राहिली. भिंतीला तोंड नसते, हा तिचा मोठा गुण.

मला तोंड होते. नोकरीच्या पहिल्या वर्षांतली गोष्ट. माझ्या भाच्याला न होणारा एक चांगला सदरा मी भरल्या वर्गात एका पोराच्या हाती दिला, आणि वर दानाच्या महतीवर चार शब्दही बोललो. पोरगा तीन दिवस शाळेत फिरकला नाही. आईने सारे ऐकून घेतले. मला बोलली काहीच नाही. दिवेलागणीला पोराच्या घरी गेली आणि त्याच्या आईला म्हणाली, "गोधडी शिवूक घेतलंय, जुनेर कमी पडता. तुझ्याकडे एखादां लुगडां आसा काय गे?"

त्या माउलीने आतून दोन लुगडी आणून दिली. आईने ती घेतली, पान खाल्ले, परत आली. सदऱ्याचे नाव नाही.

चौथ्या दिवशी पोरगा वर्गात हजर. आठवडाभराने त्याची आई आपणहून आमच्या अंगणात आली, गोधडीचे टाके निरखून पाहिले आणि जाता जाता म्हणाली, "मास्तरांकडे पोराक होण्यासारख्या काय जुना आसात, तर बघा हां."

ती गोधडी यंदाही उन्हात घातली आहे. तिच्या हिरव्या काठाचा रंग अजून उतरलेला नाही. पाळणा धुऊन पडवीत ठेवला आहे. पलीकडच्या वाडीत एक लेक बाळंतपणाला माहेरी आली आहे. उद्या तिच्या आईला गाठून सांगणार आहे, आमच्याकडे जागेची फार अडचण झाली आहे हो.