कारखान्यातील कार्यालयवास्तू

कारखान्यातील कार्यालयवास्तू : कारखान्याच्या आवारात हिशेब, आरेखन, नियोजन व देखरेख या कामांसाठी राखलेली जागा आणि तिची रचना. हिशेब लिहिणारा आणि यंत्र चालविणारा यांनी एकमेकांपासून किती अंतरावर बसावे, हा या विषयातील मूळ प्रश्न होय. तो वरवर भिंतींचा दिसला, तरी त्यात दोघांच्या प्रतिष्ठेचाही भाग आहे.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापिलेल्या कंपनीपासून मुंबईच्या गिरणी उद्योगास प्रारंभ झाला. गिरण्या पुढे परळ-लालबागकडे पसरल्या. मॅनेजिंग एजंटांच्या पेढ्या मात्र फोर्टात राहिल्या. कामगारभरती जॉबरच्या हाती असे व बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या दरवाजाशी उभा राही. कचेरीशी त्याचा संबंध बहुधा एवढाच. त्याची तक्रार कागदावर येण्यापूर्वीच जॉबरच्या मर्जीतून गाळली जाई, आणि या दोषास माणसांच्या स्वभावाइतकीच जागेची मांडणीही कारणीभूत होती. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर वसविलेल्या किर्लोस्करवाडीत कारखाना, कचेरी व वस्ती एकत्र आल्याने हे अंतर पुष्कळच आटले. १९२० साली तेथे निघालेले किर्लोस्कर खबर हे कारखान्याचे वार्तापत्र पुढे मराठीतील एक प्रमुख मासिक बनले. कारखान्याच्या कचेरीतून वाङ्‌मय निपजल्याचे असे उदाहरण विरळाच.

जर्मनीत वॉल्टर ग्रोपिअस व आडोल्फ मेयर यांनी १९११ मध्ये आल्फेल्ट येथे फागुस या बुटांचे साचे करणाऱ्या कारखान्याची वास्तू रचण्यास घेतली. तिच्या काचेच्या दर्शनी भिंती व स्तंभविरहित कोपरे जगभर गाजले. परंतु या प्रसिद्ध काचेमागे मुख्यतः कार्यालये होती, हे सहसा सांगितले जात नाही. कारकुनालाही कामगाराइतकाच उजेड हवा, हा विचार तेथे इमारतीत उतरला. उत्तर युरोपातील मंद उन्हासाठी योजलेली ही काच पुढे भारतात जशीच्या तशी उचलण्यात आली. मग तीवर पडदे लावावे लागले आणि दिवसाउजेडी दिवे जाळावे लागले. हे अनुकरण डोळस नव्हते.

ग्रोपिअस यांचे शिष्य अच्युत पुरुषोत्तम कानविंदे (१९१६–२००२) यांचा जन्म मालवण तालुक्यातील आचरे येथे झाला. हे गाव तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते. १९८१ पासून ते सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयात वास्तुशिक्षण पुरे केल्यावर ते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या सेवेत आले आणि १९४५ मध्ये सरकारतर्फे हार्व्हर्ड विद्यापीठात गेले. परतल्यावर प्रयोगशाळांची रचना करताना कारखान्यातलाच प्रश्न त्यांच्यापुढे आला : उपकरणांचा आवाज, वायू व उष्णता यांच्या सान्निध्यात टेबल कोठे मांडावे ? अहमदाबाद येथील वस्त्रोद्योग संशोधन संस्थेची (अटिरा) इमारत ही त्यांची या क्षेत्रातील आरंभीची कृती. तीत प्रबलित काँक्रीटचा सांगाडा व सरळ रेषा यांवरील ग्रोपिअस यांची छाप स्पष्ट दिसते.

मेहसाणा येथील दूधसागर दुग्धालयात (१९७०–७३) मात्र ते या छापेतून बाहेर पडलेले दिसतात. दूध वरच्या पातळीवर नेऊन गुरुत्वाकर्षणाने टप्प्याटप्प्याने खाली आणावयाचे, हे तत्त्व त्यांनी रचनेस आधारभूत मानले. प्रक्रियेतील उष्णता व वाफ बाहेर जावी म्हणून छताच्या वर वायुवीजनाची धुराडी उभारली आणि त्यांतूनच इमारतीस तिचे रूप लाभले. मालाचा मार्ग व हवेचा मार्ग आधी ठरवावा आणि माणसाची बसण्याची जागा त्यांवरून शोधावी, हा क्रम कार्यालयरचनेसही लागू पडतो. प्रत्यक्षात तो पुष्कळदा उलटा असतो. मालकाची खोली प्रथम आखली जाते.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने नव्या कार्यशाळांत दरडोई किमान ५०० घनफूट (सु. १४·२ घ. मी.) जागा ठरवून दिली व जमिनीपासून १४ फुटांवरील पोकळी त्यात धरू नये, असे सांगितले. प्रकाश व वायुवीजन यांबाबतही त्यात तरतुदी होत्या. तथापि कायद्याने घनफळ मिळते, शांतता मिळत नाही. यंत्रशाळेत ९० डेसिबेलांपर्यंतचा आवाज अनेकदा आढळतो. अशा आवाजात दूरध्वनीवर बोलणे वा आकडेमोड करणे दुष्कर होते. केवळ प्लायवुडचा आडपडदा येथे निरुपयोगी ठरतो. वजनदार भिंत, फटी बुजविलेली दुहेरी काच व यंत्राच्या पायापासून अलग केलेली जमीन हे खरे उपाय होत. देखरेखीसाठी यंत्रशाळेत काढलेल्या माळ्यावर कचेरी थाटल्यास दृष्टी सर्वत्र पोहोचते. पण तापलेली हवाही तेथेच साचते आणि वरून पाहणाऱ्याविषयी खालच्यांच्या मनात अढी बसते. म्हणून पर्यवेक्षकाची खोली यंत्रांच्याच पातळीवर, काचेआड असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

कानविंदे यांच्या जन्मभूमीत या प्रश्नाचे रूप आणखी वेगळे आहे. मालवण-वेंगुर्ले किनाऱ्यावर पाऊस भरपूर पडतो. पत्र्याच्या छपराखाली त्याचा आवाजच यंत्रावर मात करतो, आणि दमट हवेत हिशेबाच्या वह्या बुरसतात. काजू भाजताना निघणारा झोंबरा धूर टाळण्यासाठी कचेरी वाऱ्याच्या वरच्या अंगास, म्हणजे पश्चिमेस, ठेवणे सोयीचे. परंतु पावसाची झडही त्याच बाजूने येते. काजू वाफेवर शिजविण्याच्या पद्धतीने धुराचा त्रास कमी झाला, झडीचा राहिला. जांभ्याची जाड भिंत, उंच जोते, कौलांचे छप्पर व पश्चिमेस खोल पडवी ही घरबांधणीतील जुनी साधने या जागी काचेहून अधिक उपयोगी पडतात. आणि पडवीत टेबल मांडले, तर मजुरी घ्यायला येणाऱ्या बाईला उंबरठा ओलांडावा लागत नाही.