नुसत्या ‘पंपिंग’वर भिस्त नको

नांदेड-लातूरकडे अटॅक येऊन गेलेल्या माणसाला भेटायला आलेला पाहुणा बसता बसताच विचारतो, “पंपिंग किती आलं?” ५५ टक्के म्हटलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. वैद्यकातलं रूढ मतही याहून फार वेगळं नाही. टूडी इकोत ईएफ, म्हणजे डावा कप्पा दर ठोक्याला आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो ते, चांगलं निघालं की पुरे. आकुंचनाच्या वेळा मोजणं हे साठ-सत्तरच्या दशकातलं कालबाह्य शास्त्र.

हा पूर्वपक्ष पोकळ नाही. २००२ च्या ‘मॅडिट-२’ चाचणीत अटॅकनंतर ईएफ ३० किंवा त्याहून कमी असलेल्यांना शॉक देणारं यंत्र बसवल्यावर मृत्यूचा धोका सुमारे ३१ टक्क्यांनी घटला. तेव्हा ईएफ खालावलेलं असेल तर ते गंभीरच. पण म्हणून चांगलं ईएफ म्हणजे अभय, हे कुठून आलं? अटॅकनंतर अचानक दगावणाऱ्यांत ईएफ ३५ च्या वर असलेलेच जास्त असतात. एक भिंत निकामी झाली तरी शेजारच्या भिंती जोर लावून आकडा सावरतात. मायट्रल झडप गळत असेल तर उलटं गेलेलं रक्तही ‘पंप झालेलं’ धरलं जातं, आणि दुखणं वाढत असताना रिपोर्ट सुधारलेला दिसतो!

काळ इतका सहज फसत नाही. १९६८ मध्ये अमेरिकेत वाइस्लर यांनी ईसीजी, हृदयाचे आवाज आणि मानेच्या धमनीची नाडी एकाच कागदावर उतरवून दोन वेळा मोजल्या. विद्युत इशारा मिळाल्यापासून महाधमनीची झडप उघडेपर्यंतची पूर्वतयारी, आणि नंतर रक्त बाहेर पडण्याचा प्रत्यक्ष वेळ. निरोगी हृदयात त्यांचं गुणोत्तर ०.३५ च्या आसपास असतं. दुबळा स्नायू दाब चढवायला वेळ घेतो आणि रक्त ढकलणं लवकर सोडून देतो. तयारी १३० आणि उत्सर्जन २६० मिलिसेकंद झालं, की गुणोत्तर ०.५० वर जातं. २०१० मध्ये ओस्लोच्या हाउगा आणि सहकाऱ्यांनी वेगळा धागा पकडला. अटॅकनंतर डाव्या कप्प्याचे निरनिराळे भाग आकुंचनाच्या टोकाला पोचण्यात किती मागेपुढे होतात ते त्यांनी मोजलं. ही विखुरण ७० मिलिसेकंदांपलीकडे असलेल्यांना घातक लयबिघाडाचा धोका अधिक दिसला. व्रणाच्या कडेने विद्युत लहर अडखळत जाते. आकुंचनही विस्कळीत होतं आणि लयबिघाडालाही तीच जागा मिळते.

प्रतिपक्षाचं हुकमी अस्त्र २०१३ ची ‘इको-सीआरटी’ चाचणी. ईसीजीतला क्यूआरएस (कप्प्यांच्या विद्युत इशाऱ्याचा भाग) अरुंद, पण इकोवर भिंतींचा ताळमेळ सुटलेला, अशांना भिंतींचा मेळ साधणाऱ्या सीआरटी पेसमेकरने फायदा झाला नाही. उलट मृत्यू वाढले. मान्य. पण तिथे प्रश्न ‘यंत्र कोणाला बसवावं’ हा होता. ‘कोणावर जास्त लक्ष ठेवावं’ हा प्रश्न निराळा, आणि पहिल्याच्या उत्तराने दुसरा निकालात निघत नाही.

खरी अडचण दुसरीच आहे. अटॅकच्या पहिल्या दिवसांत ॲड्रेनलिनच्या माऱ्याने वेळा आखूड होतात, डाव्या बंडलच्या, म्हणजे डाव्या कप्प्याच्या विद्युतवाटेच्या, ब्लॉकमध्ये तयारी लांबते, नाडीच्या गतीने उत्सर्जन बदलतं. म्हणून सुमारे ४० दिवस उलटल्यावर, नाडी आणि ईसीजी नोंदवूनच मोजावं. एकट्या आकड्यावर निर्णय घेऊ नये, हे तर ईएफलाही लागू आहे.

भिंतींची विखुरण काढायला स्नायू किती आखडतो ते मोजणाऱ्या स्ट्रेनची सोय लागते, ती प्रत्येक मशीनवर नसते. वाइस्लर यांच्या दोन वेळांना मात्र डॉप्लर आणि ईसीजीच्या वायरी पुरतात. (वायरी असतात, लावायचा कंटाळा असतो.) विष्णुपुरीतलं शासकीय रुग्णालय असो की लातूरची विलासराव देशमुख वैद्यकीय विज्ञान संस्था, पुढच्या तपासणीसाठी हैदराबाद किंवा पुण्याला धाडायचं कोणाला, हे ठरवताना ही जादा पाच मिनिटं उपयोगी पडतील. इको करणाऱ्या डॉक्टरांना एवढंच सांगणं: ईएफच्या शेजारी पूर्वतयारीचा वेळ, उत्सर्जनाचा वेळ आणि नाडीची गती लिहा, आणि पुढच्या इकोच्या वेळी मागचा कागद मागून घ्या.