मेंदूतल्या आडवाटा : आघाताची तीव्रता आणि उंदरांच्या रक्तवाहिन्या

मेंदूकडे जाणारी धमनी गुठळीने बंद झाली की पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही मिनिटांतच तेथील पेशी मरू लागतात. हाच मेंदूचा आघात. बोलीभाषेत अर्धांगवायूचा झटका. धमनी तीच, अडथळाही त्याच जागी. तरीही एका रुग्णाचा हात काही दिवसांत पूर्ववत होतो आणि दुसरा कायमचा अंथरुणाला खिळतो. असे का घडते, याचे बरेचसे उत्तर प्रयोगशाळेतील उंदरांकडून मिळाले आहे.

मेंदूच्या पृष्ठभागावर पुढची, मधली आणि मागची अशा तीन मोठ्या धमन्यांच्या शाखा पसरलेल्या असतात. शेजारी शेजारी असलेल्या शाखांची टोके बारीक जोडधमन्यांनी एकमेकींना जोडलेली असतात. जर्मन वैद्य ओटो ह्यूबनर यांनी १८७४ मध्ये त्यांचे वर्णन केले होते. एरवी दोन्ही बाजूंचा दाब जवळपास सारखा असल्याने या जोडधमन्यांतून फारसे रक्त वाहत नाही. मात्र मधली धमनी बंद पडताच त्या बाजूचा दाब घसरतो आणि पुढच्या धमनीचे रक्त या वाटेने उलटे तिच्या प्रदेशात शिरते. घाटरस्ता दरडीने बंद झाल्यावर गावकऱ्यांनी जुनी पायवाट धरावी, तसाच हा प्रकार. पायवाटा किती आणि किती रुंद, यावर पुढचे सारे अवलंबून.

संशोधनात सर्वाधिक वापरला जाणारा काळा उंदीर सी५७बीएल/६ या वंशाचा. त्याच्या मेंदूवर जोडधमन्या भरपूर असतात. पांढऱ्या बाल्ब/सी वंशात त्या अत्यल्प. साहजिकच मधली धमनी बांधली, तर काळ्या उंदरात मेंदूचा लहानसा भाग मरतो आणि पांढऱ्यात त्याच्या कितीतरी पट मोठा. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात जेम्स फेबर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १५ वंशांची तुलना प्रसिद्ध केली. आघाताच्या तीव्रतेतील फरकामागे जन्मजात जोडधमन्यांची संख्या आणि जाडी हे प्रमुख कारण असल्याचे तीतून दिसले. पुढे या फरकाचा माग उंदराच्या सातव्या गुणसूत्रापर्यंत आणि २०१६ मध्ये तेथील रॅबेप२ या जनुकापर्यंत लागला. जनुक-संपादनाने त्यात फेरफार करताच जोडधमन्यांची संख्या बदलली.

म्हणून काळा उंदीर सुरक्षित, असे मात्र नाही. मेंदूच्या तळाशी धमन्यांचे एक कडे असते. इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये त्याचे वर्णन केल्याने ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. काळ्या उंदरात या कड्याचा मागचा दुवा बहुधा अपुरा विकसित असतो. मानेतील दोन्ही मुख्य धमन्या एकाच वेळी बंद केल्यास मागून रक्त येण्याची सोय नसते आणि हाच दणकट उंदीर सर्वाधिक हानी सोसणाऱ्यांत जातो. मंगोलियन जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यात हा दुवा सहसा नसतोच. त्यामुळे मानेतील एकच धमनी बांधूनही अनेक जर्बिलांना आघात होतो.

या तपशिलांचे मोल औषधांच्या चाचण्यांत कळते. एखादे जनुक काढून टाकलेले उंदीर पूर्वी बहुधा १२९ या वंशाच्या मूलपेशींपासून तयार करून काळ्या उंदरांशी संकरित केले जात. अशा संकरित पिलांना आघात कमी झाला, तर श्रेय काढलेल्या जनुकाचे की वारशाने आलेल्या रक्तवाहिन्यांचे, हे ओळखणे अवघड होते. प्रयोगशाळेत गुणकारी ठरलेली मेंदूरक्षक औषधे रुग्णांवर एकामागून एक अपयशी ठरली, त्यामागे इतर कारणेही आहेत. पण वंशाची नीट नोंद नसलेल्या निष्कर्षावर कितपत विसंबावे, हा प्रश्न उरतोच.

रुग्णालयात जोडधमन्यांचा अंदाज आता रंगद्रव्य टोचून काढलेल्या सीटी स्कॅनवरून घेता येतो. मोठ्या धमनीतील गुठळी नळीवाटे बाहेर काढण्याची मर्यादा निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत नेता येते, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी दाखवले. ज्यांच्या आडवाटा चांगल्या, त्यांचा मेंदू इतका वेळ तग धरण्याची शक्यता अधिक. उंदरांत मात्र वय वाढेल तशा या आडवाटा घटत आणि अरुंद होत जातात, आणि आघाताचे बहुतेक प्रयोग अजूनही तरुण उंदरांवरच होतात.