युद्धकाळांतील परसांतलें खुराडें

महायुद्धांच्या इतिहासांत रणगाडे, विमानें व सेनापति यांचीं वर्णनें विपुल आढळतात. परसांतील कोंबड्यांच्या खुराड्यास मात्र त्यांत क्वचितच जागा मिळते. ऐकणारास नवल वाटेल, परंतु दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटनमधील सामान्य गृहस्थाच्या ताटांत ताजें अंडें पडलें, तें पुष्कळदां अशा खुराड्याच्याच कृपेनें.

सप्टेंबर १९३९ मध्यें युद्ध सुरू झालें, त्या वेळीं त्या देशास लागणारें अर्ध्याहून अधिक अन्न समुद्रापलीकडून येत असे. कोंबड्यांचें धान्यही बव्हंशीं जहाजांतूनच येई. जर्मन पाणबुड्या जहाजें बुडवूं लागल्या, तेव्हां जहाजांतील प्रत्येक हातभर जागेचा हिशेब करणें भाग पडलें. कोंबडीस रोज सुमारें ४ औंस खाद्य लागतें. तें धान्य कोंबडीस घालून अंडें मिळविण्यापेक्षां माणसांच्याच पोटांत गेलें तर अधिक माणसें जगतात, असा तो रोकडा हिशेब होता. मोठ्या कुक्कुटपालकांच्या खाद्यांत कपात झाली, कोंबड्यांची संख्या घटली आणि अंडीं दुर्मिळ झालीं. जून १९४१ पासून अंड्यांच्या वांटपावर सरकारी नियंत्रण आलें. दरमाणशीं आठवड्यास एक अंडें असें प्रमाण ठरलें. परंतु तेंही हातीं पडेलच अशी शाश्वति नव्हती. पुढें १९४२ सालीं अमेरिकेंतून अंड्यांची भुकटी येऊं लागली. एका पुडींत १२ अंड्यांचा ऐवज असे. पण ताज्या अंड्याची सर तिला कोठून येणार?

या अडचणींतून वाट निघाली ती स्वयंपाकघरांतून. बटाट्याच्या साली, कोबीचीं बाहेरचीं पानें व ताटांतील उष्टें हें सारें शिजवून, कुसकरून कोंबडीस घालतां येतें. मात्र तेवढ्यावर ती नीट अंडीं देत नाहीं. तिला थोडें पौष्टिक पीठ लागतें. म्हणून सरकारनें अशी योजना केली कीं, ज्या कुटुंबानें आपल्या वांट्याच्या अंड्यांवरील हक्क सोडला, त्यास त्या बदल्यांत कोंबड्यांसाठीं पीठ मिळावें. सरकारी वांट्याचीं अंडीं वर्षास फार तर ५२. चांगली पोसलेली एक कोंबडी मात्र शंभराच्या वर अंडीं देते. गृहिणीस हा सौदा समजावून सांगावा लागला नाहीं.

आतां प्रश्न उरला खुराड्याचा. इमारती लांकूडही नियंत्रणाखालीं होतें. तेव्हां मालाच्या रिकाम्या पेट्या, मोडकीं दारें व जुन्या फळ्या यांवरच भागविलें जाई. ओल वर चढूं नये म्हणून खुराडें जमिनीपासून वीतभर उंच ठेवीत. छपरास उतार देऊन वर डांबरी कागद ठोकीत. वाऱ्याचा झोत थेट अंगावर येऊं न देतां हवा मात्र खेळती राहावी, यासाठीं भोंकें छपराजवळ पाडीत. कोंबड्यांच्या बसण्याची दांडी कडा घासून गुळगुळीत केलेली असे, आणि ती अंडीं घालण्याच्या खोक्यापेक्षां उंच लावीत. कारण कोंबडी रात्रीं उंच जागा शोधते. दांडी खालीं असल्यास ती खोक्यांतच झोंपून तें घाण करते. पुढें तारेच्या जाळीचें कुंपण असे, व कोल्ह्यानें उकरून आंत शिरूं नये म्हणून जाळीची खालची कड जमिनींत पुरीत. हलकें खुराडें मधून मधून नव्या जागीं सरकवीत. त्यामुळें कोंबड्यांस ताजें गवत मिळे आणि बागेस खत.

तथापि खुराडें बांधण्याचें कसब असून भागत नसे. पुष्कळ भाडेकरूंच्या करारांत कोंबड्या पाळूं नयेत अशी अट असे. युद्धकाळांत विशेष नियमानें ती अट बाजूस सारण्यांत आली. युद्ध १९४५ मध्यें संपलें, तरी अंड्यांची टंचाई संपली नाहीं. त्यांवरील नियंत्रण मार्च १९५३ मध्यें उठलें. मधल्या काळांत, १९५० सालीं, इंग्लंड व वेल्सकरितां झालेल्या कायद्यानें युद्धांतील ही सवलत कायम केली. करारांत कांहींही लिहिलेलें असो, जमिनीचा वापर करणारास व्यापाराखेरीज कोंबड्या व ससे पाळण्याचा, आणि त्यासाठीं वाजवी असें खुराडें उभारण्याचा हक्क त्या कायद्यानें दिला. आरोग्यास अपाय वा शेजाऱ्यांस उपद्रव होतां कामा नये, एवढीच मर्यादा. आरवणाऱ्या कोंबड्यास मात्र त्यांत स्थान मिळालें नाहीं!

संकटकाळीं दिलेल्या सवलती संकट सरतांच बहुधा परत घेतल्या जातात. ही टिकली, कारण लोकांनीं ती आपल्या श्रमानें सार्थ करून दाखविली होती. घरमालकाच्या लेखणीनें लिहिलेली अट बटाट्याच्या साली शिजविणाऱ्या गृहिणीपुढें हरली, आणि मोडक्या पेट्यांचें तें खुराडें कायद्याच्या पुस्तकांत जाऊन बसलें.