दातांचा ‘एक्स-रे’ : नियमांमागचा इतिहास

तुमच्या वर्गात दातांना तार लावलेले एखादे तरी मूल असेल. तार लावण्यापूर्वी बहुधा त्याच्या जबड्याचा व कवटीचा ‘एक्स-रे’ काढतात. या क्षणभराच्या कामामागचे नियम मात्र फार मोठी किंमत देऊन तयार झाले.

राँटगेन यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले. जानेवारी १८९६ मध्ये जर्मनीतील ऑटो वाल्कहोफ यांनी स्वतःच्या दातांचे चित्र घेतले. त्याला २५ मिनिटे लागली! किरण दिसत नाहीत, इजाही लगेच जाणवत नाही; त्यामुळे धोका कळायला वेळ लागला. बोस्टनचे दंतवैद्य विल्यम रोलिन्स यांनी १९०१ मध्ये गिनीपिगांवरील प्रयोगांतून हे किरण प्राणघातक ठरतात हे दाखवले आणि नळीभोवती शिशाचे आवरण सुचवले. फारसे कोणी ऐकले नाही. न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स नळी जुळवताना स्वतःचा हात समोर धरत. त्यांना कर्करोग झाला, आधी बोटे आणि मग हात गमवावा लागला. १९२८ मध्ये त्यांनी जीवन संपवले. त्याच वर्षी स्टॉकहोमला किरणसंरक्षणाची आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली.

१९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट यांनी डोके स्थिर धरणारे उपकरण वापरात आणले. अंतर आणि कोन ठरलेले असल्याने काही वर्षांनी घेतलेले चित्र पहिल्याशी ताडून पाहता येऊ लागले. डोके हलले तर चित्र बिघडते, ते पुन्हा घ्यावे लागते आणि मुलाला दुप्पट किरण सोसावे लागतात. म्हणजे येथे दर्जा राखणे हीच सुरक्षितता. भारतात १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ अशा यंत्रांवर देखरेख ठेवते. परंतु ‘हे चित्र खरोखर हवे आहे का?’ हा प्रश्न दवाखान्यातच, प्रत्येक मुलासाठी नव्याने विचारावा लागतो.