अन्नाचे खाते, औषधाचे खाते

मांडवगण फराटा हे शिरूर तालुक्यातील भीमेकाठचे गाव आज उसाच्या हिरव्या पट्ट्यात वसलेले आहे; नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो, आणि नदीच्या अलीकडच्या बाजूस न्हावऱ्यास सहकारी साखर कारखाना आहे. अशा गावात एखाद्या मुलाच्या पोटात अन्न कसे जावे हा प्रश्न पडावा, हे वरवर पाहणाऱ्यास चमत्कारिक वाटेल. परंतु जन्मवेळी मेंदूस झालेल्या इजेमुळे किंवा अन्ननलिकेच्या उपजत दोषामुळे ज्या बालकास घास गिळता येत नाही, ज्याच्या नाकातून अथवा पोटावरील छिद्रातून नळी घालून अन्न उतरवावे लागते, त्याच्या घरी अन्न ही वस्तू कणगीतून निघून औषधाच्या दुकानात जाते, आणि तिचा जमाखर्च कोणत्या खात्यावर मांडावा याचा उलगडा ना घरच्या माणसांस होतो ना सरकारी दप्तरास.

पूर्वी अशा मुलाचे साधन म्हणजे बोंडले. चोच काढलेले ते पितळेचे किंवा चांदीचे लहानसे भांडे. आजीने मुलाला मांडीवर घ्यावे, मान किंचित उंच धरावी, चोच ओठाच्या कोपऱ्याशी टेकवावी, आणि घशाची हालचाल दिसल्यावाचून पुढचा थेंब सोडू नये, असा शिरस्ता होता. दूध, भाताची पेज, ज्वारीच्या लाह्यांचे पाणी हा त्यातला ऐवज. दक्षिणेतील पालाडै नावाचे असेच भांडे अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांसाठी आज रुग्णालयांतूनही वापरले जाते, यावरून त्या रचनेतील शहाणपण ध्यानात येते. तथापि या साधनाचे गोडवे गाताना हेही विसरता कामा नये, की ज्याला मुळीच गिळता येत नसे त्याचे दूध श्वासनलिकेत उतरे, आणि बोंडले कितीही जपून धरले तरी ते मूल वाचत नसे. ‘दैवात नव्हते’ एवढीच त्याची नोंद.

सरकारी नोंद निराळ्या कारणाने सुरू झाली. 1876-77 च्या दुष्काळात सरकारचे प्रतिनिधी रिचर्ड टेंपल यांनी मदतकामावरील मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्याच्या मापाने बांधून टाकली, तेव्हा मुंबई इलाख्यातील मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू उचलून धरली. पुढे दुष्काळाच्या नियमसंहिता झाल्या, अशक्त आणि आश्रित यांस फुकट मदतीची तजवीज झाली. पण जो खणू शकतो तो कोण आणि जो खणू शकत नाही तो कोण, एवढाच भेद मामलेदाराच्या कारकुनाला ठाऊक. धान्य मिळाले तरी ते खाता न येणारा एक तिसरा वर्ग असू शकतो, याला त्याच्या वहीत रकाना नव्हता. पुढच्या दुष्काळात, 1897 च्या सुमारास, पंडिता रमाबाईंनी केडगावास मध्य प्रांतातील उपासमारीतून आणलेल्या मुलींस आश्रय दिला, आणि अंध मुलींच्या शिक्षणाचीही व्यवस्था केली. नदीपलीकडच्या या मुलखात दुबळ्या शरीराच्या मुलाकडे निराळ्या दृष्टीने पाहणारी संस्था प्रथम उभी राहिली ती अशी, महसूल खात्याच्या बाहेर.

नळीचा इतिहास दूरचा आहे. जॉन हंटर या लंडनच्या शल्यवैद्याने 1790 मध्ये गिळण्याचे स्नायू लुळे पडलेल्या एका रुग्णाला, देवमाशाच्या जबड्यातील लवचीक पट्टीवर चढविलेल्या ईल माशाच्या कातड्याच्या नळीतून अंडी, दूध, साखर असे पदार्थ पोहोचविले. 1979 मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे गॉडरर आणि पॉन्स्की यांनी पोट मोठे न उघडता, दुर्बिणीच्या साहाय्याने जठरात नळी बसविण्याची रीत काढली. पहिला रुग्ण काही महिन्यांचे बालकच होते.

इकडे 1972 च्या दुष्काळाने मिलो ही परदेशी ज्वारी आणि सुकडी हा कोरडा पूरक आहार आणला, 1975 मध्ये अंगणवाडी आली, आणि त्याच दशकात डॉ. बानू कोयाजी यांच्या प्रेरणेने पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे काम शिरूर तालुक्यातच, वढू बुद्रुक येथे रुजले. उपकार मोठे, यात शंका नाही. पण सुकडी असो की अंगणवाडीचे पाकीट, ते चावू शकणाऱ्या मुलासाठी. मुलांच्या नाकात घालण्याची आठ क्रमांकाची नळी बाहेरून मोजली तरी पावणेतीन मिलिमीटरांहून कमी जाडीची; तीत एक गुठळी अडकली की सारा बेत फसतो. येथे मात्र आजीच्या पाटीतील विद्या उपयोगी पडते: नाचणी वा गहू भिजवून, मोड आणून, वाळवून दळले की त्या पिठाची पेज शिजल्यावर घट्ट न राहता पातळ होते, आणि थोड्या जागेत अधिक अन्न मावते. बडोद्याच्या आहारशास्त्रज्ञ तारा गोपालदास यांनी या मोडाच्या पिठावर शास्त्रीय अभ्यास केला. साखरेच्या ग्रॅमास चार आणि तेलाच्या ग्रॅमास नऊ कॅलरी, हा हिशेब आहारतज्ज्ञाने वजनाप्रमाणे मांडून दिला, की घरची आई पेज पातळ मलमलीतून गाळते, पिचकारीने सावकाश सोडते, मागून उकळून गार केलेले पाणी घालून नळी धुते, आणि उरलेले फेकून देते. फेकताना जीव तुटतो. पण उन्हाळ्यात ते ठेवून चालत नाही.

सर्वांना हे पचतेच असे नाही. काहींना डब्याचेच दूध लागते, आणि तेथे घराचा बंदोबस्त ढासळतो. धर्मादाय रुग्णालयांत उच्च न्यायालयाच्या 2006 च्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धनांस मोफत आणि दहा टक्के दुर्बलांस सवलतीत आहेत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रियांचा खर्च भागतो. हे सारे रुग्णालयाच्या दाराच्या आतले. दार ओलांडून दौंडची गाडी पकडली की नळी, पिचकाऱ्या आणि डबा हे सर्व ‘आहार’ ठरते, आणि आहार ज्याचा त्याने पाहावा. राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना वर्षाला एक लाखापर्यंतचे विमाछत्र देते, परंतु ती मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता, बौद्धिक आणि बहुविध अपंगत्व यांपुरती; केवळ अन्ननलिकेच्या दोषामुळे नळीवर असलेले मूल तिच्या व्याख्येत बसत नाही. त्या घरी उसाचे बिल जमा होईपर्यंत औषधाच्या दुकानातली उधारी वाढत जाते, आणि दुकानदार ती औषधाच्याच वहीत लिहितो.